लवंग घातलेली मिश्री

माणसाच्या दातावरचं कीटण काचेच्या बशीत वाढवलं की त्याला वास येतो. कसला, ते जेवणाआधी विचारू नका. बारामतीतल्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर आहे. म्हणजे बाटल्या धुणारा, ऑटोक्लेव्ह नावाचा थोरला प्रेशर कुकर लावणारा, आणि नव्या आलेल्या प्राध्यापकांना चहा कुठं चांगला मिळतो ते सांगणारा. आयुष्यातली निम्मी वर्षं ह्या वासात गेली आहेत आणि मला तो आवडतो, हे बायकोपुढं मी कबूल करत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्याकडं एक मॅडम पीएच.डी.साठी आल्या. विषय असा की, झाडपाल्याच्या अर्कानं दातांवरच्या कीटणातले जंतू मरतात का. मला तर लॉटरीच लागल्यासारखं झालं. एरवी आमच्याकडं पाण्याचे नमुने येतात, दुधाचे येतात, त्यात नाट्य कुठलं? इथं झाडं आणायची, वाळवायची, कुटायची, अर्क काढायचा. मॅडमना झाडं ओळखू येत नव्हती. मला येत होती. पणदऱ्याच्या कालव्याकडेची बाभळीची साल, इंदापूरकडच्या बागेतल्या डाळिंबाची सालं, कॉलेजच्या आवारातला कडुलिंब, माझ्या परसातल्या पेरूची पानं, आणि बाजारपेठेतल्या चाचांच्या दुकानातली लवंग. मोटारसायकलला पोती बांधून मी असा निघायचो की, बघणाऱ्याला वाटावं याच्या घरी लग्न आहे.

प्रयोग बघण्यासारखा असायचा. प्लेटभर जंतूंची पातळ साय पसरायची. तीत छोटी गोल भोकं पाडायची, प्रत्येक भोकात एकेका अर्काचे थेंब सोडायचे आणि प्लेट उबदार कपाटात ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की, ज्या अर्कात दम आहे त्याच्याभोवती स्वच्छ गोल पडलेला. गोलाच्या आत एक जंतू नाही. मी ऑफिसातल्या क्लार्कला, शिपायाला, एकदा तर पाण्याच्या टँकरवाल्यालाही आत बोलावून दाखवलं. ‘‘या, बघा. बाभूळ दुसरी आली, लवंगेनं मैदान मारलं!’’

मॅडम हसायच्या. पण मग पट्टीनं गोल मोजता मोजता म्हणायच्या, ‘‘मामा, हे काचेत झालंय. तोंडात काय होईल, ते मला अजून माहीत नाही.’’

मला वाटायचं, शिकलेली माणसं अशीच बोलतात.

मॅडमना नमुने हवे होते. वेगवेगळ्या माणसांच्या दातांवरचं कीटण, तेही सकाळी दात घासायच्या आधीचं. आमच्या भागात साखरेला तोटा नाही, तेव्हा ह्या जंतूंनाही तोटा नाही. मी म्हटलं, मॅडम, माझं सगळं खानदान तुमचंच. आणि एका सकाळी फडक्यात गुंडाळलेल्या निर्जंतुक नळ्या घेऊन आक्काकडं गेलो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दिली आहे पळसदेवला. दाजींचा ऊस आहे, दोन गाई आहेत, आणि घराच्या मागं चालत गेलं की धरणाचं पाणी. मला आईनं कमी आणि आक्कानं जास्त वाढवलं, म्हणून मला मारायचा हक्क तिनं अजून सोडलेला नाही. मी पोचलो तेव्हा ती उंबऱ्यात बसून मिश्रीची डबी उघडत होती. मी ओरडलोच, ‘‘थांब! लावू नको!’’

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि चुरून पूड करायची, ती मिश्री. आमच्याकडच्या बायका ती सकाळी बोटानं दातांना, हिरड्यांना चोळतात आणि तोंडात धरून बसतात. दुपारी पुन्हा. पोट साफ होतं म्हणतात, दात घट्ट होतात म्हणतात. खरं म्हणजे ती लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही.

‘‘काय झालं ओरडायला? साप हाय का डबीत?’’

‘‘आक्का, तुझ्या दातावरची घाण पाहिजे. संशोधनाला.’’

‘‘भाऊबिजंला कवा धड लुगडं आनलं न्हाईस, आन् दातातली घाण न्यायला सकाळी सकाळी आलायस व्हय रं?’’

मी तिच्यापुढं संमतीचा कागद धरला. तो वाचून ती आणखी पेटली. ‘‘घाण द्यायला सही लागती? ह्ये बघा बया,’’ तिनं शेजारच्या ओट्यावर भांडी घासणाऱ्या धाकट्या चुलत जावेला हाक मारली, ‘‘माझ्या दातांचा सात-बारा करतोय.’’

जाऊ तोंडावर पदर धरून हसली. आक्कानं सही केली, उन्हाकडं तोंड करून आ केला, आणि मी कापसाची काडी आत घातली.

तिथंच मला ते दिसलं. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीच्या कडेला, जिथं ती मिश्रीची चिमूट ठेवायची बरोबर तिथं, एक पांढरा डाग. नखाएवढा. भिंतीवर चुन्याचा शिंतोडा वाळावा तसा. मी काडी फिरवली, तो पुसला गेला नाही.

‘‘हे काय गं?’’

‘‘गाल चावला आसंल. तिखट लागलं की झोंबतंय वाईच. झालं का तुझं? डोकं धरलं माझं मिश्रीवाचून.’’

मी मोबाईलवर फोटो काढला. का काढला? तर मजा म्हणून. दुसऱ्या दिवशी नळ्या देताना मॅडमना म्हटलं, हे बघा आमच्या आक्कासाहेबांचं मुखदर्शन. मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. हातातली नळी खाली ठेवली.

‘‘मामा, ह्यांना ह्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे न्या. मिश्री आजपासून बंद. आणि दुखत नाही म्हणाल्या तरी न्या. समजलं?’’

समजलं होतं. मी ठोंब्या नाही.

आता पुढचं सांगतो. रविवारी मी पळसदेवला गेलो. ओसरीवर दाजी, आक्का, जाऊ आणि तिची सासू असा सगळा प्रेक्षकवर्ग जमलेला. चार माणसं समोर दिसली की माझं काय होतं ते घरी विचारा. मी पदर घेतल्यासारखं केलं, चष्मा नाकावर ओढल्यासारखा केला आणि मॅडमच्या बारीक आवाजात म्हणालो, ‘‘मामा, ह्यांना ह्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे न्या! मिश्री आजपासून बंऽद! आणि दुखत नाही म्हणाल्या तरी न्या! समजलं?’’ सगळे लोटपोट. दाजी तर खोकायला लागले. मला आणखी चेव आला, मी तेच पुन्हा केलं, ह्या खेपेला बोट नाचवत. आक्का डोळे पुसत म्हणाली, ‘‘म्हनावं मॅडमला, ऊस जाऊ दे कारखान्याला, मंग बघू. आत्ता तोडनीची टोळी आलीय फडात, त्यांचं कोन बघंल?’’

आणि विषय संपला. निरोप मी दिला होता, शब्दही गाळला नव्हता. फक्त तो कुणाला ऐकू गेला नव्हता.

मग मी खिशातनं माझी पुडी काढली. ही माझी स्वतःची कल्पना. बाभळीची साल, डाळिंबाची साल, वाळवलेला कडुलिंब आणि भरपूर लवंग, हे सगळं घरच्या मिक्सरला फिरवून केलेलं दंतमंजन. प्लेटवर ज्यांनी मैदान मारलं तेच पैलवान एका पुडीत. ‘‘मिश्रीऐवजी हे लाव. जंतू हे असे मरतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.’’

आठ दिवसांनी आक्काचा फोन. ‘‘आरं, आज ठेचा खाल्ला! झोंबला न्हाई, काय न्हाई. काय जादू हाय रं तुझ्या पुडीत?’’

मी त्या दिवशी प्रयोगशाळेत शीळ घालत बाटल्या धुतल्या.

नंतर मागणी सुरू झाली. जावेला पुडी हवी, तिच्या सासूला हवी, मागच्या आळीतल्या दोघींना हवी, एकीच्या माहेरी कोऱ्हाळ्याला हवी. मी दर पंधरवड्याला पुड्या बांधून न्यायचो. आळीत शिरलो की बायका दारात यायच्या. ‘‘आले बघा डाक्तर!’’ मी गाडीवरूनच हात वर करायचो. असा मान मला बारामतीत कुणी दिला नव्हता.

बायको मिक्सरचं झाकण हुंगून म्हणायची, ‘‘चहाला लवंग, आमटीला लवंग. उद्या माझ्या अंगालाबी लवंगेचा वास यायला लागंल.’’ आणि मग एकदम, ‘‘आक्कांना दाखवलंत का दातवाल्याला?’’

‘‘कशाला? गुण आलाय तिला.’’

‘‘गुण आलाय म्हणूनच विचारते.’’

ह्यावर मी मिक्सर सुरू केला.

मॅडमनीही एकदा विचारलं. कपाटातून प्लेटा काढत होत्या, वळूनही पाहिलं नाही. ‘‘मामा, बहिणीला नेलंत ना?’’

‘‘हो मॅडम,’’ मी म्हणालो. खोटं बोलायला मला कधी कष्ट पडत नाहीत. त्या दिवशीही पडले नाहीत.

तेवढ्यात त्यांनी एक प्लेट उजेडाकडं धरली. लवंगेच्या भोकाभोवतीचा गोल आदल्या दिवशी मोठा होता. आता त्या गोलाच्या आतल्या कडेला दोन-तीन बारीक पांढरे ठिपके उगवले होते. मेले म्हणून मी ज्यांची वर्दी दिली होती, त्यांच्यातले काही नुसते दबा धरून बसले होते. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मी प्लेट धुवायला नेली आणि जरा जास्त वेळ उकळली.

ऊस गेला. टोळी गेली. उन्हाळा लागला, धरणाचं पाणी मागं सरकलं, काळी भेगाळलेली जमीन उघडी पडली. आक्काचे फोन कमी झाले. आले तरी आवाज बदललेला, तोंडात घास ठेवून बोलावं तसा. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘जेवती हाय.’’ सकाळी दहालाही जेवती हाय आणि चारलाही जेवती हाय.

एका सोमवारी सुट्टी होती. मी न कळवता गेलो. आळीच्या तोंडाशीच वास आला. लवंगेचा, आणि त्याच्या खालून दुसरा एक वास, कडवट, घशाला ठसका लावणारा. मी गाडी उभी केली आणि चालत गेलो. शेजारच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर मोठा तवा. त्यापुढं धाकटी जाऊ, नाकातोंडाला पदर बांधून, उलथन्यानं काळी तंबाखू परतत होती. शेजारी माझ्या पुड्या. पाच. उघडून परातीत ओतलेल्या.

मला बघून तिनं पदर खाली केला, हसली. ‘‘या भाऊ. बरं झालं आला. लवंग कमी पडतीय ह्या टायमाला.’’

‘‘हे काय करताय, ताई?’’

‘‘मिश्री. तुमची औषदाची.’’

मी परातीकडं पाहिलं. काळं आणि तपकिरी, निम्मं निम्मं.

‘‘ही कल्पना कुणाची?’’

‘‘बाईंचीच की,’’ ती आक्काच्या घराकडं मान करून म्हणाली. ‘‘पैल्या दिसापासनं. नुसती पूड लावली की त्यांचं डोकं धरायचं. मंग म्हनल्या, मिश्री सोडायची कशापायी, औषध मिश्रीतच कालवू. तवापासनं सगळी आळी हीच लावती. आदी दोनदा लावायचो, आता चारदा लावतो. औषदच हाय म्हनल्यावर!’’

आक्का आतून दारात आली होती. गळ्याची हाडं दिसत होती. माझ्यावर ओरडायला तिनं तोंड उघडलं, ते पुरतं उघडलंच नाही.

‘‘आ कर,’’ मी म्हणालो.

‘‘कशाला?’’

‘‘आक्का, आ कर.’’

तिनं केला. दोन बोटं कशीबशी जातील एवढाच. मी तिला हाताला धरून उजेडात आणलं. चुन्याचा शिंतोडा गेला होता. त्या जागी लाल, ओबडधोबड, कडा उचललेलं काहीतरी होतं, आणि त्याच्यालगतची दाढ जिभेच्या धक्क्यानं हलत होती. मी बोट लावलं. कडक लागलं, वाळल्या चामड्यासारखं.

‘‘दुखतं?’’

‘‘न्हाय की.’’ ती उलट माझीच समजूत घालत होती. ‘‘आजाबात न्हाय. तुझी मिश्री लावली की बधिर हुतंय बघ.’’

तेव्हा मला पुरतं कळलं मी काय केलं होतं. तिखटाची झोंब हा त्या डागाचा एवढाच आवाज होता, आणि मी पुडी बांधून बांधून त्याचं तोंड दाबलं होतं. लवंगेनं जंतूंचं काय केलं देव जाणे. आक्काला मात्र तिनं शांत बसवलं, ऐन त्या महिन्यांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बारामतीला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. तरुण मुलगा. आधी गप्पिष्ट होता, पळसदेवच्या माशांची चौकशी करत होता. आक्काच्या तोंडात आरसा घातला आणि दिवा जवळ ओढला. मग वास घेतल्यासारखं करून म्हणाला, ‘‘लवंग?’’

‘‘औषध हाय भावाचं,’’ आक्का अभिमानानं म्हणाली.

‘‘कधीपासून आहे हे, आजी?’’

‘‘पावसाळा सरला तवापासनं आसंल. पर दुखत न्हवतं, साहेब.’’

‘‘दुखत नव्हतं, का दुखू दिलं नाही?’’ त्यानं विचारलं ते तिला. बघत होता माझ्याकडं.

त्यानं त्या कडेचा एक तुकडा काढून बाटलीत घातला. तपासणीला पाठवायला. तसल्या बाटल्या मी हजारांनी धुतल्या आहेत. ही मी हातात घेतली नाही.

रिपोर्ट यायच्या मधल्या दिवसांत मी मॅडमना सगळं सांगितलं. आवाज न बदलता, हात न हलवता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘तुम्ही मला हो म्हणाला होतात.’’ आणि पुन्हा कामाला लागल्या. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी झाडं आणायला मला सांगितलं नाही. दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाही, स्वतः गेल्या.

रिपोर्ट आला. कॅन्सर. पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया करायची, गालाचा भाग आणि खालच्या जबड्याचा तुकडा काढायचा, मग पुढचं पुढं. डॉक्टरनं कागदावर जबड्याचं चित्र काढून, किती जाईल तिथं रेघ मारून दाखवली. दाजी त्या रेघेकडं बघत बसले. आक्कानं विचारलं, ‘‘भाकरी चावता यील का?’’ डॉक्टर म्हणाला, आधी जगायचं बघू.

जायच्या दिवशी सकाळी भाड्याची चारचाकी गाडी आळीत उभी केली. आक्का मागच्या सीटवर बसली, उशी पाठीला लावून. दाजी पुढं. निरोपाला बायका जमल्या होत्या. मी ठरवूनच गेलो होतो. खाली उतरलो आणि म्हणालो, ‘‘माझ्या पुड्या सगळ्यांनी परत द्या. मिश्रीच्या डब्या पण आणा. आत्ता.’’

कुणी हललं नाही.

‘‘का वो डाक्तर?’’ मागच्या आळीतली एक म्हणाली. ‘‘आमाला गुण आलाय की.’’

‘‘तो गुण नाही. ते औषध नाही. मी फसवलं तुम्हाला. मी डॉक्टर नाही, बाटल्या धुतो मी.’’

दोघी हसल्या. मी सोंग करतोय असंच त्यांना वाटलं. मी असलं बोलायला लागलो की हसायचं असतं, हे त्यांना मीच शिकवलं होतं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा हसू. एकजण म्हणाली, ‘‘बाईंच्या नशिबाचं बाईंना. सगळ्यांनाच का हुतंय?’’ दुसरी म्हणाली, ‘‘पुडी न्हाई दिली तर नगा दिऊ, लवंग दुकानात मिळती.’’

धाकटी जाऊ गाडीच्या दाराशी उभी होती, आक्काचा हात हातात धरून. ती मला समजवायला लागली. ‘‘भाऊ, आसं वंगाळ नगा बोलू सोताला. माझंच बघा. दिवाळीपास्नं हितं आत,’’ तिनं उजव्या गालावर बोट ठेवलं, ‘‘चर्र व्हायचं. तुमच्या पुडीनं ग्येलं. आता काय सुदिक कळत न्हाय.’’

मी गाडीच्या दाराशी गेलो.

‘‘ताई, तोंड उघडा.’’

‘‘इश्श्य. माणसांत?’’

‘‘उघडा.’’

तिनं गाडीकडं पाहिलं, दाजी आहेत म्हणून पदर पुढं घेतला, आणि पदराआडून माझ्याकडं आणि उन्हाकडं तोंड करून आ केला. तिशी-पस्तिशीची बाई. दात पांढरे स्वच्छ, एक किडलेला नाही. मी वाकलो. पाहिलं. मग खात्री करायला रुमालाच्या टोकानं तिथं पुसून पाहिलं.

ते पुसलं गेलं नाही.

मी रुमाल खिशात कोंबला. बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, जाऊ अजून आ करून उभी होती, तोंड मिटू का म्हणून डोळ्यांनी विचारत.

मागच्या सीटवर आक्कानं उशी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडं सरकली. दातांतल्या दातांत, जेवढं तोंड उघडत होतं तेवढ्यातून म्हणाली, ‘‘तिलाबी घ्या. बस गं हितं.’’